एका खिडकीत 'शे', दुसरीत 'नही'

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. ते कुणाच्या तोंडून ऐकलं की मी अजूनही तिथून उठून जातो. वाक्य असं: "माझ्याकडे तर चालतंय!" समोरचा माणूस रडकुंडीला आलेला असतो, त्याच्या संगणकावर काम अडलेलं असतं, आणि आपण आपल्या खुर्चीत बसून आपल्या स्क्रीनकडे बघत हे वाक्य फेकायचं. खोटं नसतं ते. आपल्याकडे खरोखरच चालत असतं. म्हणूनच ते इतकं वाईट.

दिवाळी अंकासाठी लिहा, गमतीचे किस्से लिहा, असं संपादकांनी सांगितलं. सांगतो. गमतीचे आहेत तेवढे आधी सांगून टाकतो.

मी नोकरी केली ती एका रक्तपेढीत. रक्ताशी माझा संबंध नाही, सुई बघितली तरी मान वळवतो. मी संगणकवाला. जळगावला मुख्य पेढी, धुळ्याला दुसरी, आणि पारोळा, साक्री, फैजपूर इथे छोटी साठवण केंद्रं. कुठे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत याचा सगळा साठा जळगावच्या एका सर्व्हरवर असायचा, आणि बाकीच्या गावांतून लोक त्याला आपापल्या संगणकावरून विचारायचे. पेढी दानावर चालणारी, त्यामुळे सगळा कारभार आम्ही घरच्या घरी बनवलेला. रंगीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी खिडकी, पांढरी अक्षरं. टाईप करायचं आणि उत्तर वाचायचं.

या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. खिडकी फक्त दाखवायचं काम करते. तिच्या आत बसून तुमचं ऐकणारा जो असतो, तो शेल. आता हा शेल कामाला बसताना काही गोष्टी ठरवून बसतो: साठा कोणत्या जागी शोधायचा, आज्ञा कुठे सापडतील, अक्षरं कोणत्या लिपीत लिहायची, घड्याळ कुठलं धरायचं. या ठरावांची चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली असते. गोम अशी की शेलच्या घराला दारं अनेक आहेत आणि चिठ्ठी मात्र पुढच्या दाराला चिकटवलेली. पुढच्या दाराने आलेला ती वाचतो. मागच्या दाराने आलेला वाचत नाही, त्याची चिठ्ठी वेगळी. आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं तर धाब्यावरून, म्हणजे छपरावरून, उतरतात, ती काहीच वाचत नाहीत. कुठला टर्मिनल कुठल्या दाराने आत शिरेल, हे तो बनवणाऱ्याची मर्जी.

सगळ्या दारांवर एकच चिठ्ठी राहील असं बघणं, हे माझं काम. उभी हयात त्यात गेली. घरी सांगितलं तर बायको म्हणायची, "म्हणजे तुम्ही दिवसभर चिठ्ठ्या चिकटवता?" हो. अगदी तेच.

फैजपूरचे एक गुरुजी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. दर शिबिराला रक्त द्यायचे. एकदा त्यांना प्रमाणपत्र गेलं त्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीने. ज्या कारकुनाने छापलं त्याने आदल्या दिवशी नवा टर्मिनल बसवून घेतला होता. त्यात लिपीचा ठराव पोचलाच नव्हता, मग देवनागरी दिसलं की शेल प्रश्नचिन्ह काढी. आबा प्रमाणपत्र घेऊन थेट जळगावला. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मले सांगा भाऊ, हा कोन मानूस हाये?"

मी माफी मागू लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मी एक प्रश्नच हाये, हे चाळीस पोरायच्या वर्गात मले समजलं नाही, ते तुमच्या यंत्राले समजलं."

ते प्रमाणपत्र त्यांनी तसंच चौकटीत लावून घेतलं.

धुळ्याच्या व्यवस्थापकांची तऱ्हा निराळी. ते खिडकी बंदच करायचे नाहीत. "उघडायला वेळ लागतो," म्हणायचे. आता शेल चिठ्ठी वाचतो ती आत शिरताना, एकदाच. नंतर तुम्ही बाहेर चिठ्ठी बदला, दुसरी लावा, त्याला पत्ता नसतो. त्यामुळे आम्ही साठ्याची जागा बदलली तरी साहेब कित्येक दिवस जुन्या जागीच बघत होते आणि मला फोन करून विचारत होते, की आकडे कसे हलत नाहीत. मी म्हटलं, साहेब, खिडकी बंद करून उघडा. ते म्हणाले, "एवढ्याने काय होणार?" एवढ्यानेच झालं. पण त्यांना ते आवडलं नाही. मोठ्या माणसाच्या तक्रारीला उत्तरही मोठं लागतं.

झाले गमतीचे किस्से.

आता सुमनअक्कांचं सांगायला हवं. अक्का धुळ्याच्या खिडकीवर, म्हणजे खऱ्या, लोखंडी गज असलेल्या खिडकीवर बसत. नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायचे, अक्का साठा बघायच्या आणि सांगायच्या. राहायला पारोळ्याला, रोज एस.टी.ने ये-जा. मी पहिल्यांदा त्यांना शिकवायला गेलो तेव्हा आज्ञा लांबलचक इंग्रजीत होत्या. अक्का चिडल्या. म्हणाल्या, "भाऊ, खिडकीवर मानूस काय इचारस? शे का नही, इतलंच इचारस ना? मंग माले बी तितलंच इचारू द्या."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'शे' म्हणजे 'आहे'. मी त्याच बसल्या जागी एक आज्ञा लिहिली आणि तिचं नाव ठेवलं शे. इंग्रजी अक्षरांत s, h, e. पुढे रक्तगट लिहायचा. शेल सगळ्या गावांचा साठा बघून एका शब्दात उत्तर द्यायचा: शे, किंवा नही. शे असेल तर कुठल्या गावी, तेही. मग 'बठ्ठा', म्हणजे सगळं, या नावाची दुसरी आज्ञा लिहिली, सगळ्या पिशव्यांची यादी दाखवणारी. पुण्याच्या एका कंपनीतले एक अभियंता पुढे एकदा आमचं काम बघायला आले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "सर, ही शी कोण? एवढ्या ठिकाणी हिचं नाव आहे." आम्ही हसून हसून बेजार.

मी अक्कांना समजावत होतो की हे उत्तर देणारा जो आत बसलाय त्याला शेल म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "शे-ल? म्हंजे शे, ले?" मग एकदम खुलून हसल्या. "बरोबर शे! शे, तं ले!"

आहे, तर घे. आमच्या पेढीचं याहून चांगलं बोधवाक्य कुणाला सुचलं नसतं. माझ्या धंद्याचाही अर्थ मला तेव्हाच कळला असं वाटलं. फुगलो होतो मी त्या दिवशी, उगाच कशाला लपवू?

तोवर अक्का काय करायच्या? फोन. खिडकीवर माणूस आला की जळगावला फोन, पारोळ्याला फोन, साक्रीला फोन. कुणी उचलायचं, कुणी जेवायला गेलेलं असायचं. 'शे' आल्यावर हे सगळं थांबलं. पहिले काही दिवस त्या आज्ञाही द्यायच्या आणि फोनही करायच्या. दोन्हीकडून एकच उत्तर यायचं. मग फोन सुटला. यंत्राने त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. आणि त्याने खोटं सांगू नये म्हणून मी जिवाचं रान करत होतो. साठ्याच्या जागेचा ठराव ज्या खिडकीत पोचला नसेल, तिथे 'शे'ने उत्तरच द्यायचं नाही, लाल अक्षरांत ओरडून थांबायचं, अशी ओळ मी त्यात घातली होती. चुकीच्या उत्तरापेक्षा आरडाओरडा परवडला.

मग विश्वस्तांनी देखभालीचं काम त्या पुण्याच्या कंपनीला दिलं. मी होतोच, पण आता सल्ल्यापुरता. कंपनीने धुळ्याला नवा संगणक दिला आणि त्यात नवा टर्मिनल. दिसायला देखणा, अक्षरं मोठी, अक्कांना चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. अक्का खूश. हा देखणा गडी मागच्या दाराने आत शिरणारा होता. चिठ्ठी न वाचताच बसला, आणि 'शे' लाल अक्षरांत ओरडलं.

कंपनीच्या अभियंत्यांनी काय केलं असेल? त्यांनी चिठ्ठी मागच्या दारावर नेली नाही. त्यांनी ओरडणं बंद केलं. ठराव सापडला नाही, तर थांबू नये, सरावाच्या साठ्यात बघावं, असं लिहिलं. नव्या माणसांना शिकवायला आम्ही एक खोटा साठा ठेवला होता, त्याला सरावाचा साठा म्हणायचो. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लाल अक्षरं बघून युजर घाबरतात, सर. शिकवतानाही सोयीचं." मी बैठकीत सांगितलं की हे धोक्याचं आहे. विश्वस्त म्हणाले, "भाऊ, आता नव्या लोकांना काम करू द्या." हे ऐकायची वेळ प्रत्येकावर येते. मी गप्प बसलो नाही, पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

आणि सरावाचा साठा असा होता की बहुतेक वेळा उत्तर बरोबरच यायचं. ओ पॉझिटिव्ह विचारलं, शे. ते कुठेही असतंच. बी पॉझिटिव्ह, शे. पिशवी प्रत्यक्ष फ्रीजमधून काढायची, ती निघायची. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अक्का खोट्या घरात राहत होत्या आणि भिंती तर खऱ्यासारख्याच होत्या.

काशिनाथ नावाचा माणूस साक्रीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. बहीण यमुना, पहिलटकरीण. धुळ्याच्या दवाखान्यात बाळंतीण झाली आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी याच्या हातात चिठ्ठी दिली: बी निगेटिव्ह. ऐन दुपारी तो पळत आमच्या खिडकीवर आला.

"अक्का, हाई शे का?"

अक्कांनी टाईप केलं. उत्तर आलं, नही.

"नही शे रे दादा. जळगाव नही, पारोळा नही. बठ्ठी जागा देखी लिधी."

"आखो एकदाव देखा ना अक्का."

अक्कांनी आणखी एकदा बघितलं. हे त्या मला नंतर पुन्हा पुन्हा सांगायच्या, की मी आणखी एकदा बघितलं होतं, भाऊ. उत्तर तेच. त्यांनी त्याला नाशिकच्या पेढीचा पत्ता दिला, गाडीवाल्याला स्वतः बोलून ठरवून दिलं, पाण्याचा ग्लास दिला. तो पाणी न पिताच गेला.

काही वेळाने पारोळ्याच्या केंद्रातून अक्कांना फोन आला. तिथली तंत्रज्ञ बाई अक्कांच्याच गल्लीतली, रोजच्यासारखी घरचं काही सांगायला बोलली. बोलता बोलता अक्का म्हणाल्या, आज एका पोरीला बी निगेटिव्ह मिळालं नाही गं. पलीकडून ती म्हणाली, "अशी कशी नही? मन्हा फ्रीजमा शे ना!"

धुळ्याहून पारोळा म्हणजे तासाभराची वाट, नाशिकच्या मानाने काहीच नाही. अक्कांनी आधी तिला पिशवी घेऊन निघायला सांगितलं, मग काशिनाथला फोन लावला, तो लागला नाही, मग दवाखान्यात लावला, आणि मग मला.

"भाऊ, पारोळानी बाई सांगस शे. हाई यंत्र सांगस नही. खरं काय?"

मी जळगावला माझ्या खुर्चीत होतो. माझ्या खिडकीत टाईप केलं. शेलने सांगितलं: शे, पारोळा.

आणि मी ते वाक्य बोललो. "अक्का, माझ्याकडे तर शे दाखवतंय."

फोन चालूच होता. मागे धुळ्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, आणि मी इकडे "अक्का, अक्का" करत होतो.

पारोळ्याची पिशवी दवाखान्यात पोचली तेव्हा यमुना गेलेली होती. काशिनाथ नाशिकच्या वाटेवरच होता. बाळ वाचलं. मुलगी. एवढं लिहायचं म्हणून लिहितो, याहून जास्त माझ्याच्याने लिहवत नाही.

चौकशी झाली. नव्या रंगाच्या भिंतींच्या खोलीत विश्वस्त बसले, कंपनीचे अभियंते पडद्यावर पुण्याहून. ते शांतपणे म्हणाले, युजरने आपलं एनव्हायर्नमेंट तपासून घ्यायला हवं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "पर्यावरणाचा इथे काय संबंध?" आमच्या भाषेत एनव्हायर्नमेंट म्हणजे त्या चिठ्ठीवरचे ठराव; कुणी हसलं नाही. मी उठून सगळं सांगितलं: दोन दारं, एक चिठ्ठी, सरावाचा साठा, काढून टाकलेली ओळ. सोप्यात सोपं करून सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, म्हणजे सर्व्हर बिघडला होता का?" नाही. "सॉफ्टवेअर?" तसं नाही. "संगणक?" नाही. "मग बिघडलं काय?"

काहीच बिघडलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट तिला सांगितलं होतं तसंच वागली. अडाण्याला समजावता येतं, आंधळ्याला हात धरून नेता येतं, पण जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे बोट ठेवायचं कशावर? विश्वस्तांना मात्र बोट ठेवायला जागा सापडली. खिडकीवरील कर्मचाऱ्याने दूरध्वनीवरून खातरजमा केली नाही, असा निष्कर्ष निघाला. मी भांडलो. आवाज चढवला, जो मी आयुष्यात चढवला नव्हता. अक्का मध्येच म्हणाल्या, "बसा भाऊ. पहिले मी बठ्ठासले फोन करत व्हती. ते खरंच शे."

त्यांना काढलं नाही. त्याच येईनाशा झाल्या.

मी त्यानंतर वेड्यासारखं काम केलं. सगळे ठराव एका जागी आणले. पुढचं दार, मागचं दार, धाबं, ज्या ज्या वाटेने शेल आत येऊ शकतो त्या प्रत्येक वाटेवर, आधी ही एक चिठ्ठी वाच आणि मगच बस, असं लिहिलं. 'शे'ला पुन्हा ओरडायला शिकवलं. कोणत्या साठ्यात बघून उत्तर देतोय ते प्रत्येक उत्तरासोबत मोठ्या अक्षरांत छापायला लावलं. प्रत्येक गावी जाऊन प्रत्येक संगणकावर, त्यात असतील तेवढे सगळे टर्मिनल उघडून, स्वतः टाईप करून बघितलं. सगळीकडे एकच उत्तर आलं. साक्रीच्या केंद्रात शेवटची खिडकी तपासली तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. झालं होतं काम. एका बाईच्या जिवाने उशिरा.

आणि ते टिकलं नाही. टिकणार नव्हतंच. कुणीतरी नवा टर्मिनल आणतो, कुणाचा संगणक बदलतो, कुणी लिपी बदलतो. मी निवृत्त झाल्यावर तर ती काळी खिडकीच गेली, आता मोबाईलवर बघतात. मागच्या महिन्यात जळगावला गेलो होतो तेव्हा तिथली मुलगी फोनवर साक्रीच्या माणसाला सांगत होती, "तुम्ही ॲप बंद करून उघडा ना, माझ्याकडे तर दिसतंय." मी चहा अर्धा टाकून उठलो. घर बदललं, भिंती बदलल्या. मागचं दार तेच.

जळगावहून परतताना पारोळ्याला उतरलो. अक्कांचं घर किल्ल्याच्या बाजूला, आणि रक्त साठवण केंद्र तिथून दोन गल्ल्या सोडून. नोकरीत असताना एस.टी. पकडायला त्या रोज सकाळी त्याच केंद्रावरून चालत जात. ही गोष्ट मला माहीत होती, तरी त्या रस्त्याने चालल्यावर ती पायांना कळली. त्या दिवशीही सकाळी त्या तिथूनच गेल्या असणार, आणि पिशवी आत होती.

अक्कांनी चहा केला. केस पांढरे झालेत, चष्मा जाड. त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो, त्याच बोलल्या. "मन्हाच गावमा व्हती ना हो भाऊ ती पिशवी." एवढंच. मग नातवाच्या शाळेचं, पावसाचं, माझ्या गुडघ्यांचं बोलणं झालं. जेवायला थांबा म्हणाल्या, पण ताक नाही, विरजणसुद्धा सकाळीच सगळं संपलं, असंही सांगितलं.

इतक्यात शेजारची एक सून वाटी घेऊन दारात आली. "अक्का, इरजन शे का?"

अक्का थबकल्या. नुकतंच मला सांगितलेलं उत्तर त्यांच्या तोंडाशी होतं. पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फ्रीज उघडला, पुढचं पातेलं सरकवलं, मागचं बघितलं, झाकण्या उचलून उचलून बघितल्या. खालचा कप्पा ओढला. भाजीचा ट्रे काढून त्याच्या मागे हात घातला.

"ऱ्हाऊ द्या अक्का, नसीन तं," ती सून म्हणाली. "मी दुसरा घरथून लई येस."

"थांब," अक्का म्हणाल्या. "आखो देखू दे."

ती थोडा वेळ थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि वाटी घेऊन निघून गेली. अक्कांना ते कळलं नाही. फ्रीजचं दार उघडं धरून त्या प्रत्येक भांडं पुन्हा पहिल्यापासून बघत होत्या.